हळद, लसूण आणि ६२५ ची गोळी

प्रश्न : मी राळेगाव तालुक्यातील एका गावात राहते आणि सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबांना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. दिवाळीनंतर वावरात कापूस वेचताना त्यांच्या तळपायात बाभळीचा काटा रुतला. पाय बधिर असल्यामुळे दोन-तीन दिवस त्यांना ते कळलेच नाही. जखम चिघळली, पू झाला, पाय घोट्यापर्यंत सुजला. ग्रामीण रुग्णालयात जखम उघडून साफ केली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि ६२५ ची अँटिबायोटिक गोळी दहा दिवसांसाठी लिहून दिली. आता सूज बरीच उतरली आहे, पण गोळीने त्यांचे पोट बिघडते. आजी म्हणते, ‘केमिकलची गोळी गरम पडते, आता बंद करा.’ ती जखमेवर कंबरमोडीचा रस आणि हळद लावते आणि संध्याकाळी निंबाच्या पाल्याच्या गरम पाण्यात त्यांचा पाय बुडवून ठेवते. हळद, लसूण, दारुहळद यांतील नैसर्गिक द्रव्ये गोळ्यांना न जुमानणारे जंतूही मारतात असे मीही वाचले आहे. मग उरलेला उपचार घरच्या औषधांनी पूर्ण केला तर चालेल का? लसणाचा लेप लावावा का? मला एम.एस्सी.ला याच विषयावर काम करायचे आहे, त्याची सुरुवात कुठून करावी? आणि आमचे मोठेबाबा निंब-तुळशीचा अर्क बाटल्यांत भरून ‘शुगरच्या जखमेवर रामबाण’ म्हणून आठवडी बाजारात विकायचे म्हणतात, ते योग्य होईल का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : बाबांची गोळी थांबवू नका आणि लसणाचा लेप कोणत्याही परिस्थितीत लावू नका. तुमच्या पत्रातील या दोन गोष्टींना थांबायला सवड नाही, म्हणून त्यांचे उत्तर आधी दिले. त्यांची कारणे आणि बाकीच्या प्रश्नांची उत्तरे आता सविस्तर लिहिते.

जुन्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी पडतो आणि रक्तात साखर वाढलेली असली की जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात. तळपायात शिरलेला काटा ज्या खोलीवर जंतू सोडतो, तिथून स्नायुबंध आणि हाड फार लांब नसतात. त्यामुळे वरची सूज उतरली याचा अर्थ आतला संसर्ग संपला असा होत नाही. गोळी किती दिवस द्यायची हे डॉक्टर जखमेची खोली पाहून ठरवतात. कातडी आणि तिच्याखालच्या मांसापुरता संसर्ग असेल तर साधारण एक ते दोन आठवडे पुरतात, हाडाला लागण झाली असेल तर कित्येक आठवडे लागतात. पेनिसिलिन ज्याला पहिल्यांदा इंजेक्शनने पद्धतशीर दिले गेले तो रुग्ण ऑक्सफर्डमधील एक पोलीस शिपाई होता. १९४१ च्या फेब्रुवारीत औषध सुरू झाल्यावर त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला, चेहऱ्यावरची सूज ओसरू लागली. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा गाळून त्यालाच देण्यापर्यंत डॉक्टरांनी प्रयत्न केले, तरी साठा संपला. उरलेले जंतू पुन्हा वाढले आणि मार्चमध्ये तो दगावला. त्याच्या डॉक्टरांजवळ औषध उरले नव्हते, तुमच्या घरी त्याचे पाकीट फळीवर आहे, एवढा फरक बाबांच्या बाजूने आहे आणि तो वाया घालवू नये.

पोट बिघडण्याची तक्रार खरी आहे आणि ती या गोळीची ओळखीची तक्रार आहे. गोळी उपाशीपोटी न घेता जेवणाच्या सुरुवातीच्या घासांबरोबर घेतली तर त्रास पुष्कळ कमी होतो. एवढे करूनही दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब झाले, शौचातून रक्त पडले, अंगावर पुरळ उठले किंवा दम लागला, तर वाट न पाहता रुग्णालयात जा. तिथे औषध बदलून मिळेल. औषध बदलणे आणि मधूनच सोडून देणे यांत फार अंतर आहे.

आता आजींच्या आक्षेपाकडे वळते, कारण त्याची थट्टा करावी असे मला वाटत नाही. गोळी कारखान्यातली आणि पाला निसर्गातला, असा त्यांचा विचार आहे. परंतु या विशिष्ट गोळीचे कूळ शोधत गेले तर हा भेद टिकत नाही. ६२५ मध्ये ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असते. अमॉक्सिसिलिन ज्या गाभ्यावर घडवतात तो गाभा आजही पेनिसिलिन बुरशीच्याच पोटात तयार होतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात जंतूंच्या काचेच्या थाळीत चुकून पडलेली बुरशी दिसली आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळलेले दिसले, त्याच कुळातील ही बुरशी. कारखान्यात तिचा गाभा वेगळा काढून त्याला एक नवी बाजू जोडतात, म्हणजे ते औषध पोटातून चांगले शोषले जाते आणि अधिक प्रकारच्या जंतूंवर चालते. दुसरे द्रव्य, क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल, हे तर मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस वंशाच्या जंतूने बनवलेले असते आणि ते १९७० च्या दशकात सापडले. ते एकटे जंतूंना फारसे मारत नाही. पेनिसिलिन तोडून टाकण्यासाठी अनेक जंतूंनी जे विकर (एन्झाइम) कमावले आहे त्याला ते अडकवून ठेवते आणि अमॉक्सिसिलिनला काम करायला मोकळीक मिळते. तेव्हा तुमच्या फळीवरच्या पाकिटात एक बुरशीची देणगी आहे आणि एक मातीची.

मातीची ही देणगी एवढ्यावर थांबत नाही. क्षयरोगावरचे पहिले परिणामकारक अँटिबायोटिक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना अशाच स्ट्रेप्टोमायसिस जंतूंतून मिळाले. एरिथ्रोमायसिन, टेट्रासायक्लिन, व्हँकोमायसिन, क्षयरोगाच्या रिफाम्पिसिनचे मूळ द्रव्य, ही सारी मातीतल्या जंतूंची निर्मिती आहे. मृगाच्या पहिल्या सरीनंतर काळ्या वावरातून जो वास उठतो, तोही मुख्यतः याच जंतूंनी बनवलेल्या द्रव्याचा असतो. औषधनिर्माणशास्त्र शिकवताना मी हे सांगितले की वर्गातील शेतकऱ्यांची मुले तेवढ्यापुरती मान वर करीत, मग पुन्हा रासायनिक सूत्रांत बुडत.

आपल्या विदर्भातील उदाहरण द्यायचे तर गडचिरोलीचे देते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात खेड्यांतील बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला आहे हे ठरावीक लक्षणांवरून ओळखायचे आणि पालकांची संमती घेऊन घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमोक्साझोल द्यायचे, हे त्यांना शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, घरी दिलेल्या या सगळ्या काळजीमुळे, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यातले जेंटामायसिन हेही मातीतल्या जंतूचेच द्रव्य आहे. परंतु त्या बायका बाळाला माती चाटवत नव्हत्या. शुद्ध केलेले, मोजून भरलेले, बाळाच्या वजनाप्रमाणे ठरवलेले औषध ठरावीक दिवस देत होत्या. तुमच्या पत्राचे माझे सारे उत्तर या एका फरकावर उभे आहे.

तुम्ही वाचले ते खोटे नाही. हळदीतील करक्युमिन, लसणातील ॲलिसिन, दारुहळदीतील बर्बेरिन ही द्रव्ये प्रयोगशाळेतील थाळीत जंतूंची वाढ रोखतात, आणि काही प्रयोगांत नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचीही रोखतात. पण थाळीत द्रव्य थेट जंतूंवर ओतलेले असते. आपल्याकडच्या कोणत्याही कापूसवाल्याला विचारा: गुलाबी बोंडअळी काढून डब्यात औषधात बुडवली तर मरणारच, अडचण असते ती बंद बोंडाच्या आत बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोचवण्याची. शरीरात शिरलेल्या जंतूंचेही तसेच आहे. त्यांच्यापर्यंत द्रव्य पुरेशा प्रमाणात पोचले पाहिजे, तिथे पुरेसा वेळ टिकले पाहिजे आणि वाटेत आपल्या स्वतःच्या पेशींना इजा करता कामा नये.

करक्युमिनपुरता हा हिशेब मांडून पाहा. स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे गळवे आणि जखमा पिकवणारा नेहमीचा जंतू, रोखायला बहुतेक प्रयोगांत दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आगेमागे किंवा त्याहून जास्त करक्युमिन लागते. माणसांना दिवसाला ८ ग्रॅम शुद्ध करक्युमिन तोंडाने दिल्यावरही रक्तात ते दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमपर्यंतदेखील पोचले नाही, कारण ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे यकृत झटपट रूपांतर करते. साध्या हळदीत करक्युमिन वजनाच्या सुमारे ३ टक्के असते असे धरले, तर ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल, आणि तरीही गरजेच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत पोचण्याची मारामार. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्यात करक्युमिन जास्त असते याचा आपल्याला रास्त अभिमान आहे, परंतु दुपटीने जास्त असले तरी या हिशेबात त्याने काही बदलत नाही. मिऱ्यातील पायपेरिनबरोबर दिल्यास करक्युमिनचे शोषण बरेच वाढते हे १९९८ मध्येच दिसले होते. पण तेच पायपेरिन इतर औषधांचे, उदाहरणार्थ फिटांवरच्या फेनिटोइनचे, रक्तातले प्रमाणही बदलते. बाबांच्या शुगरच्या गोळ्या चालू असताना मिरी-हळदीचे डोस त्यांच्यावर करून पाहू नका.

लसणाची गोष्ट निराळी आहे आणि तुमच्या घराच्या दृष्टीने अधिक धोक्याची. अख्ख्या पाकळीत ॲलिसिन नसतेच. पाकळी ठेचली की तिच्यातील ॲलिइन आणि ॲलिइनेज हे विकर एकत्र येतात आणि काही क्षणांत ॲलिसिन तयार होते. शिजवल्यावर ते राहत नाही. अमेरिकेतील कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी १९४४ साली ते वेगळे काढले. जंतूंच्या प्रथिनांवर जिथे गंधकाचे टोक मोकळे असते तिथे ते जाऊन चिकटते आणि ती प्रथिने निकामी होतात, म्हणून ते प्रभावी आहे. परंतु तशीच गंधकाची टोके आपल्या कातडीच्या पेशींतही असतात. कच्चा लसूण ठेचून कातडीवर बांधल्यामुळे भाजल्यासारख्या खोल जखमा झाल्याच्या अनेक नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. धडधाकट माणूस आग होऊ लागली की पट्टी काढून फेकतो. बाबांचा पाय बधिर आहे. काटा रुतलेला ज्यांना कळला नाही त्यांना लसणाने कातडी जळत असलेलीही कळणार नाही, आणि सकाळी पट्टी सोडाल तेव्हा जखम दुप्पट झालेली असेल.

दारुहळदीचे उदाहरण मला या सगळ्यांत सर्वांत शिकण्यासारखे वाटते. बर्बेरिन जंतूत शिरते खरे, पण स्टॅफिलोकोकसच्या आवरणात बाहेर ढकलणारे पंप असतात आणि ते त्याला आत टिकू देत नाहीत. २००० साली अमेरिकी संशोधकांनी दाखवले की दारुहळदीच्या कुळातील झुडपांत बर्बेरिनच्या जोडीने आणखी एक द्रव्य असते. ते स्वतः जंतूंना मारत नाही, पण त्या पंपालाच अडवते, आणि मग तेच बर्बेरिन कितीतरी कमी मात्रेत काम करते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाशी याचे साम्य तुमच्या लक्षात आले असेल. मातीतल्या जंतूची युक्ती औषधाच्या पाकिटापर्यंत पोचली, झुडपाची युक्ती अजून तिथवर पोचलेली नाही. ज्या जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असते, जसे ई. कोलाय किंवा स्यूडोमोनास, त्यांच्यावर तर वनस्पतींची बहुतेक द्रव्ये फार कमी चालतात, आणि आपल्याकडील मधुमेही पायांच्या जखमांत नेमके हेच जंतू वारंवार सापडतात. बुरशी आणि जंतू यांनी आपल्याला डझनांनी अँटिबायोटिक औषधे दिली, पण रक्तातून सर्व शरीरात जाऊन जंतुसंसर्ग बरा करणारे असे एकही प्रचलित अँटिबायोटिक थेट वनस्पतीतून आलेले नाही. त्यांचा उपयोगच नाही असे मात्र मी म्हणत नाही. वनस्पतींची द्रव्ये प्रचलित अँटिबायोटिकांना मदतनीस म्हणून, किंवा कातडीवर आणि तोंडात जिथे मात्रा थेट देता येते तिथे, उपयोगी पडण्याची शक्यता मला अधिक दिसते. निळ्या प्रकाशात करक्युमिनची जंतुनाशक शक्ती वाढते आणि दंतवैद्यकात त्यावर काम चालू आहे, ते याच वाटेवरचे.

बाबांच्या जखमेवर आज काय करावे? कंबरमोडीचा रस थांबवा. धुऱ्यावर विळा लागला तर तिचा पाला चोळून लावण्याची आपली रीत जुनी आहे आणि प्राण्यांवरील काही प्रयोगांत तिने जखम भरण्यास मदत झाल्याचे दिसलेही आहे, परंतु वावरातून तोडून आणलेल्या पाल्याबरोबर मातीही येते, आणि ज्या मातीची एवढी थोरवी मी वर गायली तिच्यातच धनुर्वाताच्या जंतूची बीजेही असतात. बाबांनी इंजेक्शन घेतले आहे म्हणून धनुर्वाताची भीती कमी झाली, इतर जंतूंची झालेली नाही. हळदही थांबवा: डब्यातली हळद निर्जंतुक नसते, बाजारातील सुट्या हळदीत रंगासाठी शिशाचे क्रोमेट मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत, आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे पिवळ्या थराखाली जखमेचा रंग दिसत नाही. ती लाल आहे, पांढरट आहे की काळी पडते आहे, हे डॉक्टरांना आणि तुम्हाला रोज दिसले पाहिजे. निंबाच्या पाण्यात पाय बुडवणे तर आजपासूनच बंद करा. बधिर पायाला पाण्याची धग कळत नाही, आणि भिजून मऊ पडलेली कातडी बोटांच्या बेचक्यांत फाटते. ड्रेसिंग रुग्णालयात किंवा उपकेंद्रात सांगतील तसेच होऊ द्या.

मधाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण कोणीतरी नक्की सुचवेल. मधाची बाजू या सर्व घरगुती पदार्थांत बळकट आहे: तो पाणी ओढून घेतो, आम्लधर्मी असतो, आणि त्यातील एका विकरामुळे पातळ झाल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. सुश्रुतसंहितेतही व्रणांवर मध आणि तूप सांगितले आहे. मात्र जखमेसाठीचा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण साध्या मधात जंतूंची बीजे जिवंत राहू शकतात. म्हणूनच तो एक वर्षाखालील बाळालाही देत नाहीत. मेळघाटातून आलेला अस्सल मध पोळीबरोबर खा, पण बाबांच्या पोळीला नको, आणि त्यांच्या जखमेलाही नको.

रोज उजेडात दोन्ही पाय पाहा, तळवे आणि बोटांच्या बेचक्यांसह. जखमेभोवतीच्या लालीची कड बॉलपेनने आखून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली त्या रेषेच्या बाहेर गेलेली दिसली, ताप किंवा थंडी वाजली, दुर्गंधी आली, कातडी काळवंडली, किंवा शुगर एकाएकी वाढली, तर त्याच दिवशी निघा. पू साठला असेल तर कोणत्याही गोळीपेक्षा तो चिरा देऊन बाहेर काढणे महत्त्वाचे असते, कारण साठलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही. राळेगावहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठता येते, आणि जखमेच्या आतल्या भागातून नमुना घेऊन कोणते औषध लागू पडेल ते पाहणारी कल्चरची चाचणी अशा ठिकाणी होते. ही चाचणी मागायला संकोच करू नका. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट झाले असा अंदाज आहे. मेडिकलमधून चिठ्ठीविना दोन-दोन गोळ्या आणून खाण्याची आपली सवय त्या आकड्यात भर घालते. तेवढे थांबले तर आजींच्या ‘गोळ्या कमी खा’ या म्हणण्याशी माझे काहीच भांडण नाही.

आजींना दुखावू नका. जखम हाताळण्याचे काम त्यांच्याकडून काढून घेताना बाबांच्या जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा, आणि भाजी-वरणातली हळद-लसूण रोज जशी घालतात तशी घालू द्या. गोळी बुरशीची आणि मातीची आहे हेही त्यांना जरूर सांगा. ज्या बाईने आयुष्यभर शिळ्या भाकरीवरची बुरशी पाहिली आहे, तिला ते पटायला वेळ लागणार नाही.

एम.एस्सी.च्या कामाबद्दल आता मोकळेपणाने लिहिते. पाला वाटायचा, अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, कागदाची चकती त्यात बुडवून थाळीत ठेवायची आणि भोवतीचे स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजायचे, असे प्रबंध आपल्या महाविद्यालयांच्या कपाटांत थप्पीने पडले आहेत आणि त्यात आणखी एकाची गरज नाही. त्यांतल्या काहींत नुसत्या अल्कोहोलची तुलनात्मक चकतीही ठेवलेली नसते, म्हणजे जंतू झाडाने मारले की अल्कोहोलने, तेच कळत नाही. तुम्ही आधी झाडाची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पक्की करून घ्या आणि त्याचा वाळवलेला नमुना विभागात जमा करा, कारण एकच नाव दोन तालुक्यांत दोन झाडांना असते. मग प्रमाणित जंतूंवर वाढ रोखणारी कमीत कमी मात्रा काढा आणि तीच मात्रा प्राण्यांच्या किंवा माणसाच्या पेशींवरही तपासा. जे द्रव्य दोघांनाही सारख्याच मात्रेत मारते ते विष आहे. त्यानंतर प्रचलित अँटिबायोटिकच्या जोडीने ते चालते का हे पाहा, दारुहळदीचा धडा समोर ठेवून. करक्युमिनबद्दल विशेष सावध राहा: ते स्वतः चमकते, प्रथिनांना चिकटते आणि त्यामुळे अनेक चाचण्यांत खोटे यश दाखवते, असे २०१७ साली औषधी रसायनशास्त्रज्ञांनी सविस्तर मांडले आहे. खरे सांगायचे तर पाल्यापेक्षा काळ्या मातीतले स्ट्रेप्टोमायसिस वेगळे करण्याचे काम मला तुमच्यासाठी अधिक आशादायक वाटते. ते कमी खर्चात सुरू होते आणि तुमच्या विषयाला धरून आहे. बाबांच्या जखमेतील पू मात्र कुतूहलापोटी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नेऊन वाढवू नका. त्यासाठी लागणारी सुरक्षा तिथे नसते.

गावातील जाणत्या माणसाने सांगितलेल्या औषधावर काम करणार असाल तर त्याचे नाव आणि संमती नोंदवा. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगासाठी १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला पेटंट मिळाले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे देऊन १९९७ मध्ये ते रद्द करवले. हळदीचे पुरावे पोथ्यांत होते, वैदूच्या तोंडी माहितीचे तसे नसतात. २००२ चा जैवविविधता कायदा याचसाठी आहे, आणि महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

मोठेबाबांना तो उद्योग करू देऊ नका. आयुर्वेदिक औषध बनवून विकायलाही १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो, आणि मधुमेह बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात करणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी ती बाटली घेणारा माणूस बाबांसारखाच बधिर पायाचा असेल आणि तिच्या भरवशावर रुग्णालयात जायला आठवडाभर उशीर करील. निंबाचेच काही करायचे असेल तर निंबोळी अर्क पिकावर फवारण्यासाठी गावात सगळ्यांनाच लागतो. त्याची विक्री करायची तर तीही कृषी विभागाला विचारून करावी.

पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांची रिकामी-भरली सगळी पाकिटे, शुगरच्या नोंदींचा कागद आणि बाबा वावरात घालतात त्या चपला सोबत न्या. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: हाडापर्यंत लागण आहे का आणि त्यासाठी एक्स-रे हवा का, पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी झाली आहे का, आणि बधिर पायांसाठीची मऊ रबराची चप्पल कुठे मिळेल. जखम पूर्ण भरेपर्यंत त्या पायावर भार कमी ठेवायचा असतो, म्हणून या हंगामातील उरलेल्या वेचणीला मजूर लावा.